चिपच्या बातम्यांत ट्रान्झिस्टरचं मॉडेल कुठंय?

संपादक महोदय,

हल्ली पेपर उघडला की गुजरातेतल्या धोलेराच्या फॅबचं, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्याचं, काहीतरी असतंच, ९१ हजार कोटी वगैरे, वाचायला छान वाटतं. पण चिप असो नाहीतर साधा अँप्लिफायर, बनवायच्या आधी तो कॉम्प्युटरवर चालवून बघतात, आणि त्यासाठी ट्रान्झिस्टरचं मॉडेल, म्हणजे तो कसा वागतो ते सांगणारी समीकरणं आणि आकडे, लागतात, त्यावर कुणी अक्षर लिहीत नाही.

मी इंजिनिअरिंगच्या पोरांना मायक्रोवेव्ह शिकवते. प्रोजेक्ट ठरलेला, २.४ गिगाहर्ट्झचा लो नॉइज अँप्लिफायर, म्हणजे क्षीण सिग्नल फारसा गोंगाट न मिसळता मोठा करणारा. बीएफपी४२० या ट्रान्झिस्टरची एस२पी फाईल (त्यात एस पॅरामीटर असतात, म्हणजे किती सिग्नल पुढे जातो नि किती परत फिरतो याचे मोजलेले आकडे) डाउनलोड करायची, सिम्युलेटरमध्ये टाकायची, गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, दिसलं की पोरं खूश. अरे पण ती फाईल एकाच बायसवर, म्हणजे ठरावीक व्होल्टेज आणि करंटवर, मोजलेली असते, करंट बदलला की फाईलही बदलायला हवी! शिवाय ती लिनियर, म्हणजे इनपुट कितीही वाढवा ती आपली तोच गेन सांगणार, अँप्लिफायर कुठे दमतो, हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) किती येतात हे तिला माहीतच नसतं. त्याला गमेल-पूनसारखं नॉनलिनियर मॉडेल लागतं. त्याचे आकडे कंपन्या देतात, पण बरेचदा नुसत्या आतल्या चिपचे, पॅकेजचं, म्हणजे बाहेरच्या आवरणाचं आणि त्याच्या तारांचं, इंडक्टन्स वेगळं जोडावं लागतं, आणि २.४ गिगाहर्ट्झला एक नॅनोहेन्री म्हणजे जवळजवळ १५ ओहम. एवढं ट्रान्झिस्टरच्या एमिटर या टोकाला लागलं की गेन, मॅचिंग, स्टॅबिलिटी सगळंच हलतं. म्हणून मॉडेल टाकलं की त्याच बायसला एस पॅरामीटर काढून कंपनीच्या फाईलशी ताडून बघायचे, ग्राफ जुळले तरच पुढे जायचं. सबमिशनच्या घाईत नेमकं हेच राहतं.

बरं, या कामात आपण मागे आहोत असंही नाही. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरसाठी, म्हणजे रडार, ५जी टॉवर यांच्यात लागतात त्यांच्यासाठी, एएसएम-हेम्ट नावाचं मॉडेल २०१८ मध्ये इंडस्ट्रीचं स्टँडर्ड झालं, त्यात आयआयटी कानपूरच्या प्रा. योगेश सिंह चौहान यांच्या ग्रुपचा मोठा हात आहे. आता जगभरातले डिझायनर आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये ते वापरतात. मराठी पेपरात वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

लायसन्स महाग आहे ही सबब कॉलेजांनी देऊ नये, क्यूक्स नावाचं सिम्युलेटर फुकट मिळतं. डेटाशीटवरून मॉडेल भरणं आणि ते ताडून बघणं हे एक प्रॅक्टिकल विद्यापीठांनी जर्नलमध्ये, म्हणजे पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वहीत, घालावं, सध्या तिथे स्मिथ चार्टचे (मॅचिंगसाठीच्या गोल आलेखाचे) तेच ते प्रिंटआउट चिकटवले जातात आणि आम्ही त्यावर सह्या करतो.

— एक प्राध्यापिका, पुणे