आता हप्ता गावच्या घराचा

डोंबिवली,
5 ऑक्टोबर 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत तू विचारलंस, "आता मोकळा झालास, मग गावच्या घराला हात कधी घालतोस?" तेव्हा मी काहीतरी बोलून विषय टाळला. आई शेजारीच बसली होती आणि तिच्यासमोर पैशाचा हिशेब मांडणं मला जमत नाही. ती लगेच म्हणते, माझ्यासाठी काही करू नका. म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

फ्लॅटचं कर्ज सप्टेंबरात पूर्ण फिटलं. 2012 साली 28 लाख काढले होते, साडेदहा टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी. हप्ता 28 हजारांचा. पहिल्या हप्त्यातले साडेचोवीस हजार नुसत्या व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं साडेतीन हजारांनी, तो कागद मी अजून ठेवलाय. तो बघून हिनेच ठरवलं की दोघांचाही बोनस, गावच्या काजूचे जे काही येतील ते, सगळं मुद्दलात टाकायचं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून दंड घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी बँकांना बजावलं होतं, त्याचा आम्हाला फार उपयोग झाला. 20 वर्षांचं काम 13 वर्षांत उरकलं. त्यातलं निम्म्याहून जास्त श्रेय हिचं आहे, हे तू वहिनींना मुद्दाम सांग.

तुझंही कर्ज दोन-तीन वर्षांत संपेल, म्हणून एक लिहून ठेवतो. शेवटचा हप्ता भरला की काम संपलं असं समजू नकोस. ना-देय दाखला घे, खरेदीखताचे मूळ कागद मोजून ताब्यात घे. 1 डिसेंबर 2023 पासून नियम आहे, पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई. मग सेरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या, केंद्रीय नोंदणीतला बोजा निघाला का ते बघ, सोसायटीच्या दप्तरातही बँकेचं नाव असतं ते काढून घे. आणि कर्जाबरोबर घेतलेला विमा असेल तर तो कर्जाबरोबरच संपतो का ते विचारून घे. आम्ही कागद हातात येताच आधी दोघांच्या मुदत विम्याची रक्कम तपासली.

आता तुझ्या सल्ल्याकडे येतो. तू म्हणालास, पत चांगली आहे, वय आहे, दुसरं कर्ज काढ आणि एका दमात घर उभं कर, कारण सिमेंट-लोखंड थांबत नाही. तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे म्हणूनच मी बरेच दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसलो. घर 850 चौरस फुटांचं. गवंडी आणि ठेकेदार मिळून आजचा दर फुटाला 2,200 सांगतात, म्हणजे 18 लाख 70 हजार. कुंपण, विहिरीची दुरुस्ती, वीज जोडणी धरून 20 लाखांचं कर्ज काढलं, साडेआठ टक्के, 10 वर्षं, तर हप्ता येतो 24,800 च्या आसपास आणि व्याज जातं पावणेदहा लाख. तेवढ्यात अर्धं घर होतं रे. उलट, टप्प्याटप्प्याने बांधलं आणि बांधकामाचा खर्च दरसाल सहा टक्क्यांनी वाढला असं धरलं, तरी वाढीव भार अडीच लाखांच्या आसपास राहतो, कारण सगळा खर्च शेवटच्या वर्षी होत नाही.

करात सूट मिळते म्हणून कर्ज असू द्यावं, हे ऑफिसातही ऐकतो. 100 रुपये व्याज भरायचं आणि फार तर तीसेक रुपये कर वाचवायचा, उरलेले 70 गेलेच. आणि नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही.

तर आम्ही असं ठरवलंय. कर्ज फिटलं तरी हप्ता चालू ठेवायचा. तेच 28 हजार, तीच पाच तारीख, फक्त खातं आमचं. 13 वर्षं त्या पैशावाचून आमचं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं, सणवार झाले. ते पैसे पगारात मिसळू दिले तर सहा महिन्यांत कुठे गेले ते कळणारही नाही. शेजारच्या ब्लॉकमध्ये हेच झालेलं पाहिलं, कर्ज संपलं आणि वर्षाच्या आत गाडीचा हप्ता सुरू झाला. दर एप्रिलला पगार वाढेल तसे हप्त्यात 2 हजार वाढवायचे. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या ठेवीत आहे, तिला काही झालं तरी हात लावायचा नाही. हिचं पीपीएफ येत्या एप्रिलला पिकतंय, 15 वर्षं झाली, त्याचे साधारण 6 लाख येतील.

हे पैसे शेअर बाजारात घालणार नाही. गवंड्याला मार्चमध्ये पैसे द्यायचेत आणि मार्चमध्येच बाजार पडला तर भिंत अर्धी राहील. आवर्ती ठेव आणि मुदत ठेव, बस. तू सांगितलेल्या पतसंस्थेचा व्याजदर मोहात पाडतो खरा, पण बँकेतल्या ठेवीला माणशी 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. कोकणात किती म्हाताऱ्यांचे पैसे अडकलेले आपण पाहिलेत. घराच्या पैशाबाबत मला दीड टक्का जास्तीचा नको, शांत झोप हवी.

आता मूळ अडचण. टप्प्याटप्प्याने म्हणजे चार वर्षं, आणि आई 77 वर्षांची आहे.

तुझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा मला हाच एक मुद्दा जड गेला. जुनं घर चार चुलत्यांचं सामाईक, कौल बदलायचं तरी सगळ्यांना विचारायला लागतं. न्हाणीघर आणि संडास परसात. पावसात त्या वीस पावलांवर शेवाळ धरतं आणि आई काठी टेकत, भिंतीचा आधार घेत रात्री तिथवर जाते. मी इथे डोंबिवलीत पाऊस ऐकत पडलेला असतो तेव्हा डोळ्यासमोर तीच वाट असते. 2029 साली होणाऱ्या देखण्या घराचा तिला काय उपयोग?

म्हणून आम्ही क्रम बदलला. जोतं पूर्ण घराचं एकदम घालायचं, पण भिंती आणि छप्पर आधी अर्ध्याच घराचं. त्या अर्ध्यात आईची खोली, तिला लागून आतच संडास-न्हाणी, आणि लहानसं स्वयंपाकघर. ओटी, माजघर, आमची खोली नंतर. मे 2026 पर्यंत जोतं, साधारण 4 लाख. मे 2027 पर्यंत आईचा भाग, साडेसात लाख. उरलेले सव्वासात लाखांचं काम पुढच्या दोन वर्षांत. पीपीएफ आणि हप्ता मिळून पहिल्या दोन टप्प्यांची आजच्या दराने बेरीज जुळते. दर वाढले तर दोघांचा बोनस आहे. मी ही बेरीज तीनदा करून पाहिली, तू एकदा तपास.

यातली चांगली गोष्ट म्हणजे आपल्याकडचं बांधकाम असंही सलग चालत नाही. जून ते सप्टेंबर कोण काम करणार? जोत्यातला भराव एक पावसाळा भिजून बसला पाहिजे, असं तुझे वडील नेहमी सांगायचे. नवीन भरावावर घाईने लादी घातली की दोन वर्षांत मधोमध बसते. आमचा भराव 2026 चा पाऊस खाईल, तोवर आमची ठेव वाढेल. दसरा ते शिमगा हा खरा कामाचा काळ. शिमग्यात पालखी निघाली की गावचा माणूस कामावर येत नाही आणि त्याने येऊही नये. काँक्रीटचं जे काही आहे ते जानेवारी-फेब्रुवारीत आटपायचं, तेव्हा विहिरीला पाणी असतं. एप्रिलमध्ये प्यायला पुरत नाही, तिथे बीमला दहा दिवस पाणी कुठून मारणार?

भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. गावात हल्ली विटांची फॅशन आलीय, पण चिरा आपल्या मातीतला, उघड्यावर हवा लागून आणखी कडक होतो. म्हणून तो आधीच आणून रचून ठेवता येतो. सिमेंटचं तसं नाही, आपल्या दमट हवेत पोती दगड होतात, तेव्हा भाव उतरला म्हणून साठा करायचा नाही, लागेल तसं आणायचं. एका गोष्टीत काटकसर करणार नाही. जोत्याच्या पातळीवर आणि खिडक्या-दारांच्या वर, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हाच्या गोष्टी आपण आज्यांकडून ऐकल्यात, कोयना घाटापलीकडे आहे म्हणून आपण लांब नाही. अर्ध घर नंतर जोडायचं असल्याने भिंतीच्या टोकाला एकाआड एक चिरा बाहेर सोडायचा, म्हणजे पुढची भिंत तिच्यात गुंतते. पट्ट्याच्या बाहेर राहिलेल्या सळ्या दोन पावसाळे उघड्या ठेवल्या तर गंजतील, त्यांच्यावर कच्चं काँक्रीट चढवून झाकायच्या, मग फोडून वापरायच्या.

छपराबद्दल घरात मतभेद झाले. हिला स्लॅब हवा होता. पण गावात ज्यांनी स्लॅब घातला ते आता गळतीला कंटाळून त्याच्यावर पत्र्याची शेड चढवतायत, म्हणजे दोनदा खर्च. मला कौलं हवीत, पण वानरं एका सकाळी शंभर कौलं फोडून जातात आणि 2020 च्या जूनमधल्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडची छपरं कशी उडवली ते आपण पाहिलं. शेवटी लोखंडी सांगाडा, त्यावर घट्ट बसवलेला पत्रा आणि वर मंगलोरी कौलं, असं ठरलं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, आणि पावसाचा पत्र्यावरचा आवाजही कमी होतो. दारांचं लाकूड तयार आहे. 2021 च्या तौक्ते वादळात पडलेला आपला फणस, ज्याच्यावर आपण लहानपणी चढायचो, त्याच्या फळ्या कापून पडवीत वाळत ठेवल्यात. चार वर्षं झाली, आता त्या वाकणार नाहीत. आईच्या खोलीचं दार त्याचंच करायचं.

जोत्याची उंची हा मात्र पेच आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं त्या दिवशी आपल्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी आंब्याच्या बुंध्यापर्यंत आलं होतं, खूण अजून दिसते. त्या खुणेच्या वर राहायचं तर जोतं अडीच फूट लागतं. आणि अडीच फूट म्हणजे पाच पायऱ्या, आईच्या गुडघ्यांना त्या झेपणार नाहीत. मग उतार करायचा. एक फूट चढायला 12 फूट लांबी धरतात, त्या हिशेबाने 30 फूट. तीन गुंठ्यांत तेवढी जागा सहज निघते. पूर्वेकडून भिंतीला लागून न्यायचा, एका बाजूला हाताला धरायला पाइप, आणि वर खरबरीत कोबा. गुळगुळीत लादी अजिबात नको.

कागदांचं म्हणशील तर वाटणी झाली आणि सातबारा वेगळा झालाय, चुलत्यांनी मोठ्या मनाने सह्या केल्या. जागा गावठाणाला लागून आहे. त्यामुळे निवासासाठी अकृषिकचा, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरण्याचा, मार्ग सोपा आहे, तहसीलदाराकडे चौकशी करून लागेल तो कागद मात्र हातात घ्यायचा. ते झाल्याशिवाय चर खणायची नाही. काही जण म्हणतात गावात कोण विचारतंय, पण उद्या मुलीने हे घर सांभाळायचंय. तिच्यासाठी वाद ठेवून जायचा नाही.

तुझ्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, तुझ्या घराचं काम केलेला गवंडी जानेवारीत मोकळा आहे का ते विचार. पैसे कामाच्या टप्प्यावर मिळतील, एक दिवसही उशीर होणार नाही, पण मापं लिहून घेणार, हे त्याला आधीच सांग. दुसरी, मोजणीची फी भरलीय, दिवाळीनंतरची तारीख येईल. त्या दिवशी तू हजर राहा. लगतच्या हद्दीच्या खुणा तुझ्याइतक्या कुणाला ठाऊक नाहीत आणि तू असलास की शेजारीही समजुतीने घेतात. तिसरी जरा नाजूक आहे. आईला आराखडा दाखव आणि तिची न्हाणी कशी हवी ते तिच्याकडून काढून घे. मला ती सांगणार नाही, म्हणेल तुम्हाला बरं वाटेल तसं करा. तुझ्याशी ती मोकळी बोलते. दार कुठल्या बाजूला उघडावं, पाणी तापवायची चूल आत हवी की बाहेर, एवढं कळलं तरी मी नकाशा पक्का करायला देतो.

मी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री निघतोय. हिला सुट्टी मिळाली तर तीही येईल. येताना नकाशाच्या दोन प्रती आणि खर्चाचा तपशील आणतो, एक प्रत तुझ्याकडे राहू दे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, काकूंच्या पायावर डोकं ठेवतो.

तुझा,
बालमित्र