पाणंदीत मोडलेल्या ट्रॉलीसाठी बॅटरीवरचं वेल्डिंग

संपादक महोदय,

गळीत हंगाम तोंडावर आला आहे. शिवाजी उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे, पण हंगामात माझं निम्मं काम पाणंदीत, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या अरुंद वाटेवरच चालतं. उसानं भरलेल्या ट्रॉलीचा ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरला जोडणारा दांडा चिरतो, हुकाची पट्टी उघडते. मागच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या खोळंबतात, ऊसतोड टोळी बसून राहते. तोडलेला ऊस वाळला की वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. एका चिरेपायी शेतकरी, वाहतूकदार आणि कारखाना, तिघांचंही नुकसान होतं.

तिथं वीज कुठून आणायची? शेतीची थ्री फेज ठराविक तासच, कधी दिवसा, तर कधी रात्री. ती असलीच तर मोटारीच्या पेटीतून दोन फेज घेऊन, जोड दिलेली वायर ओल्या सरीतून ओढत आणायची. हे जिवाशी खेळणं आहे. जनरेटर आणायचा तर गाडी हवी, उतरवायला माणसं हवीत.

म्हणून अनेकजण ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडून वेल्डिंगचा रॉड पेटवतात. ३६ व्होल्टवर आर्क, म्हणजे लोखंड वितळवणारी विजेची ज्योत लागतो, हे खरं. पण करंट कमी-जास्त करायची सोय नाही, पातळ पट्टीला भोकच पडतं. शिवाय या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. शेजारी ठिणगी उडाली की बॅटरी फुटते आणि ॲसिड थेट तोंडावर येतं. माझी सगळ्या वाहनवाल्यांना हात जोडून विनंती आहे, हे करू नका.

आता लिथियम बॅटरीवर चालणारी वेल्डिंग मशीन निघाली आहेत. एकटा माणूस ते उचलून मोटारसायकलवरून नेऊ शकतो. बारा नंबरचा, म्हणजे २.५ मिलिमीटरचा रॉड ८० अँपिअरला साधारण मिनिटभर जळतो. त्या हिशेबानं एक युनिट साठवणाऱ्या बॅटरीवर, वाया जाणारी वीज धरूनही, वीसेक रॉड चालावेत. करंट नॉबवर ठरवता येतो आणि डीसी असल्यानं आर्क स्थिर राहतो. ट्रॉलीची तुटलेली चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, यावर उभी राहणार नाही, ते काम शॉपमध्येच करायचं. पण ट्रॉली कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस टाकायच्या जागेपर्यंत नेण्याएवढं काम नक्की होतं.

मात्र नुसतं मशीन देऊन भागत नाही. चीर बॅटरीच्या ग्राइंडरनं टोकापर्यंत व्ही आकारात खोल घासावी लागते. वरच्यावर टाका मारला तर पुढच्याच खड्ड्यात तो सुटतो. आधी ट्रॉलीखाली ठोकळे लावायचे, भोवतीचं पाचट लांबपर्यंत ओढून काढायचं आणि पाण्याची घागर जवळ ठेवायची. वाळल्या पाचटात एक ठिणगी पडली तर अख्खा फड पेटतो.

माझी मागणी साधी आहे. साखर कारखान्यांच्या शेती खात्यानं प्रत्येक गट ऑफिसात असं एक मशीन आणि ते चालवायला आयटीआय झालेला एक वेल्डर हंगामभर ठेवावा. मशीन महाग आहे, मला एकट्याला परवडत नाही, पण कारखान्याला जड जाऊ नये. आणि ज्या उद्यमनगरानं शेतीसाठी ऑइल इंजिनं घडवली, तिथल्या उद्योजकांनी हे मशीनही इथंच बनवायला घ्यावं, म्हणजे बिघडल्यावर दुरुस्तीला बाहेर पाठवावं लागणार नाही. बॉयलर अग्निप्रदीपनाआधी, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवण्याआधी निदान एका कारखान्यानं एका गटात तरी हे करून बघावं. मशीन कसं चालवायचं ते शिकवायला मी पैसे न घेता येईन.

– एक वेल्डिंग व्यावसायिक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर