रोजाचा एक दिनार

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, शुभवर्तमान रविवारी ठीक आहे, सोमवारी साइटवर त्याला कोण विचारतो?" तुझ्या मागे मिक्सर घरघरत होता आणि असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत, म्हणून लिहायला बसलोय.

तुझं म्हणणं मला अर्धं पटतं. 'चांगलं वागा, खोटं बोलू नका' एवढंच सांगायचं असेल तर उपासनेला जायची गरज नाही. शेजारचे माळकरी आजोबा तेच सांगतात, आणि खरं बोलायचं तर आपल्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांपेक्षा ते नीट पाळतात.

पण बायबलात मत्तयाच्या 13व्या अध्यायातला, येशूने सांगितलेला तो मोत्याचा दाखला आठव. संडेस्कूलमध्ये घडाघडा म्हणायचास. व्यापाऱ्याला एक मोलाचा मोती दिसला, त्याने होतं नव्हतं ते विकलं आणि तो घेतला. त्याच्या आधीच्या ओळीत एकाला शेतात पुरलेली ठेव सापडते. एकाला शेतात सापडलं, दुसऱ्याला धंद्यात. दोघेही आपापल्या कामावर होते. आणि मोत्याची पारख नसती तर त्याने तो पोराच्या हातात खेळायला दिला असता. तुझं काम हजेरी लिहिण्याचं आहे. मग तुला पारख यायची ती हजेरीतच.

आता 20वा अध्याय घे, तो तर थेट तुमच्या मजूर अड्ड्यावरचा आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे जातो, एक दिनार रोज ठरवून माणसं आणतो. मग नऊला जातो, बाराला, तीनला, आणि अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला, पुन्हा जातो. तेव्हाही काही जण उभेच असतात. का उभे आहात म्हणून विचारलं तर म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आळशी नव्हते रे ते. दहा वाजून गेल्यावर अड्ड्यावर कोण उरतं ते तू रोज बघतोस: म्हातारे, अंगात ताप असलेले, कडेवर मूल घेतलेल्या बाया. दिवस मावळता मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून सुरुवात कर, आणि त्यांच्याही हातावर पूर्ण दिनार पडतो. एका दिनारात एका घराची एका दिवसाची चूल पेटायची. त्याच्या बाराव्या हिश्शात काय पेटणार?

पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, आणि तू तर त्यांचीच बाजू घेशील, मला माहीत आहे. मीही घ्यायचो. आपण स्वतःला नेहमी पहाटेच्या टोळीत धरतो. देवाच्या हिशोबात मी पाच वाजता आलेला मजूर आहे आणि मला पूर्ण रोज मिळालाय, हे ज्या दिवशी गळी उतरतं, त्या दिवशी शुभवर्तमान ही दुसऱ्याची गोष्ट राहत नाही.

तुला हे सगळं घरात आयतं मिळालं. तुझ्या खापरपणज्याला नव्हतं मिळालं. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं आणि पुढे आसपासच्या गावांतून आपली माणसं ख्रिस्ती झाली. गावाने कित्येकांचं बलुतं तोडलं. वर्षाचं धान्य गेलं, विहीर तर आधीपासूनच बंद होती. त्या बदल्यात काय मिळालं? पोरांना शाळा, आणि प्रभुभोजनाला सगळ्यांच्या पंगतीत जागा. त्यांना ते धान्याहून मोलाचं वाटलं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवलं, ते आजही बाहेरच आहेत. म्हणून काही घरांत नाव मंडळीच्या रजिस्टरात एक आणि सरकारी दाखल्यावर धर्म दुसराच. मी त्यांना नावं ठेवत नाही, पोटाची गोष्ट आहे ती. मात्र लग्न जुळवताना हेच लोक मूळची जात विचारतात तेव्हा माझं डोकं फिरतं. ज्या पंगतीसाठी आज्याने बलुतं सोडलं तीच पंगत नातू मोडतोय.

असो. तुझ्या साइटचं बोलू. नळाला पाणी उशिरा आलं म्हणून त्या बिगारी बाया दहाला आल्या आणि मुकादम म्हणतो अर्धा खाडा मांड. मळ्याच्या मालकाने स्वतःच्या खिशातून दिलं. तू ठेकेदाराच्या खिशातून दानधर्म करू नकोस, तो तुझा अधिकार नाही. पण त्या बाया सातपर्यंत थांबून स्लॅब उरकून गेल्या असतील तर त्यांचा दिवस पूर्ण भरला, आणि तसंच लिही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला जकातदारांनी विचारलं होतं, आम्ही काय करावं? त्याने जकातनाके सोडून रानात या असं नाही सांगितलं. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच म्हणाला. लूकच्या 3ऱ्या अध्यायात आहे.

अजून एक. इमारत कामगार मंडळात नोंदणीला मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो हातात नसला की पोरांची शिष्यवृत्ती नाही, मंडळाची मदत नाही. ठेकेदार टाळाटाळ करतात, कारण दाखला दिला की माणूस आपल्याकडे होता हे कागदावर येतं. तुझी हजेरी खरी असेल तर 90 दिवस त्यातूनच दिसतील. कोण कोण पात्र आहे त्याची यादी तू काढ आणि साहेबांसमोर ठेव. ते नाही म्हणतील कदाचित. तरी ठेव.

मी कारखान्यात काट्यावर बसायचो तेव्हा काटा मारायचा निरोप वरून यायचा. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, हे नीतिसूत्रातलं वचन मला पाठ होतं, पण पाठांतराने हात थांबत नाही. जकातदारांचा मुख्य असलेल्या जक्कयाचंच बघ. येशू त्याच्या घरी उतरायला आला, कुठली अट न घालता. त्यानंतर तो उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. आधी पाहुणा घरात आला, मग हिशोब सुटले. भीतीने काटा सरळ ठेवणारे दोघे-तिघे मी पाहिलेत, साहेब बदलला की त्यांचा काटा वाकडा व्हायचा.

आई म्हणते नाताळला चार दिवस आधी ये, करंज्यांना हात लागतात. मुकादमाशी भांडण काढू नकोस, तोही कुणाच्या तरी उचलीत अडकलेला असेल. बायांच्या त्या दिवसाचं काय झालं ते शनिवारी पगार वाटून झाल्यावर फोन करून सांग.

तुझा,
बाबा