मेस बंद होतेय

प्रिय बंड्या,

तब्येत ठीक आहे, आईचे गुडघे तसेच. पत्र लिहायला बसलो कारण हे दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. आपल्या हॉस्टेलची मेस बंद होतेय. जेवण मिळेल, पण ठेकेदाराचं. पोरांनी चालवायची मेस संपली. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "बरंच झालं की, पोरं अभ्यास करतील!"

आणि त्याच कॉलेजात आता इन्क्युबेशन सेंटर, म्हणजे पोरांना नवा धंदा उभा करायला मदत करणारं केंद्र, उघडलंय. केंद्राचं २०१९ चं विद्यार्थी-स्टार्टअप धोरण आल्यापासून बऱ्याच कॉलेजांत हे चाललंय. मला सल्लागार म्हणून बोलावतात. सेंटर चांगलंच आहे रे, पेटंट कसं घ्यायचं, भांडवल कुठून उभं करायचं, हे आपल्याला कोण सांगत होतं? पण पोरं पडद्यावर पाच वर्षांचा नफा दाखवतात आणि मी विचारतो, "गिऱ्हाइकाने पैसे थकवले तर पगार कशातून करणार?" सगळे एकमेकांकडे बघतात.

आपल्याला हे खाड्याने शिकवलं, म्हणजे मेसमध्ये न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याने. मामा, पोळ्यांच्या मावशी, भांडीवाली, सगळ्यांचे पगार मिळून महिन्याला नऊ हजार. साठ पोरं असली की डोईवर दीडशे. पंधरा जण महिनाभर ट्रेनिंगला गेले की उरलेल्या पंचेचाळिसांवर दोनशे. डाळ-तांदूळ कमी लागतो, पगार कमी होत नाही. ऑर्डरी आटल्या की आजही शेडमध्ये मी आधी हेच गणित मांडतो.

चार दिवसांच्या आतला खाडा धरायचा नाही, या नियमावरून तू माझ्याशी परीक्षेपर्यंत बोलला नव्हतास. "घरी आजारी बापाला बघायला गेलेल्या पोराकडून कसले पैसे घेतोस?" म्हणून सगळ्यांसमोर ओरडला होतास. मग ते पैसे राहिलेल्यांच्या खिशातून काढायचे होते का? मला अजूनही माझंच बरोबर वाटतं. अबोला धरलास तो धरलास, फीस्टला माझ्या वाटीत श्रीखंडही चमचाभरच वाढलंस, हे मी विसरलेलो नाही.

पण उधारी सांभाळावी ती तूच. पाच तारखेला सगळे पैसे जमले नाहीत तर निम्मे घेऊन शेठजींच्या दुकानात जायचं, तोंड लपवायचं नाही, पुढची तारीख सांगायची आणि पाळायची. माझा स्टीलवाला आज साठ दिवस थांबतो तो याच सवयीवर. हे कुठल्या वर्गात शिकवतात सांग. दर वाढला की रात्री अकराला दार वाजवणारी पोरं शेजारच्याच खोलीतली, त्यांना हिशेब पटवून द्यावाच लागायचा.

संस्थेची बाजूही आहे. हिशेबात घोळ झाले, पालकांच्या तक्रारी आल्या, अन्न परवान्याची भानगड आहेच. मग दर महिन्याला हिशेब तपासा, परवाना काढायलाही पोरांनाच पाठवा! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, आपली कामं आपण करायची. त्याच मातीतल्या कॉलेजला पोरांच्या हातात भाजीची पिशवी द्यायची भीती वाटावी, याने मला झोप नाही.

शनिवारी संस्थेत बैठक आहे. मी सुचवणार आहे की स्वयंपाक ठेकेदाराने करावा, पण खरेदी, खाडे, वसुली आणि दर ठरवणं पोरांकडेच राहावं. मेसचं जुनं रजिस्टर तुझ्या माळ्यावर असेल, तू काही टाकून देणारा नाहीस. त्यातल्या खाड्याच्या पानांचे फोटो पाठव. जमलं तर स्वतःच ये, रेक्टर सर तुझं ऐकतात, माझ्याशी ते अजून चपात्यांच्या जाडीवरूनच बोलतात.

वहिनींची बदली झाली का? छकुलीने शेवटी कुठली शाखा घेतली? नवीन घराचा ताबा मिळाला असेल तर कळव, बाकी सगळं भेटीत बोलू.

फोटो शुक्रवारपर्यंत हवेत.

तुझा,
पम्या