संध्याकाळच्या होम व्हिजिट बंद करतेय

रावपुरा, बडोदा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

दिवाळीनंतर मी संध्याकाळच्या होम व्हिजिट, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन देते ती फिजिओथेरपी, बंद करणार आहे. कामाने मी पार थकून गेले आहे. हाती येणारे पैसे बरेच कमी होतील, म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते.

आई म्हणेल, चार दिवस इंदूरला ये, रामबागेतल्या घरी आराम कर, होशील ठणठणीत. येईन गं. पण परत आल्यावर उभी राहणार त्याच ओपीडीत. ज्याला पाऊण तास द्यायला हवा त्याला पंधरा मिनिटं, बाहेर बाकावर रांग, आणि फायली लिहायच्या जेवणाच्या सुट्टीत. लकव्याच्या पेशंटला उभं करताना त्याच्या गुडघ्याला माझा गुडघा टेकवते, कमरेचा पट्टा धरते आणि सगळा भार पेलते. आवळलेली मूठ अंगठ्यापासून हळूहळू सोडवावी लागते. घाईने ओढली की ती आणखी घट्ट मिटते. आमचं कामच असं आहे, त्याला घाई चालत नाही, आणि आम्हाला मात्र दिवसभर घाईच करावी लागते.

कंबर दुखते, त्याचं मी फारसं मनावर घेत नाही. घरची माणसं विचारतात, "बेन, पप्पा क्यारे चालशे?" ते जास्त लागतं. लकव्यानंतर सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच पदरात पडतो. ते दिवस डोळ्यांदेखत निसटताना दिसतात.

गेल्या महिन्यात एका आजोबांनी चार पायांची काठी धरून पहिल्यांदा स्वतः पाऊल टाकलं. त्यांची सून रडायला लागली. मला काहीच वाटलं नाही, माझं लक्ष घड्याळाकडे होतं. बाबा, हे बघायला मिळावं म्हणून तर मी फिजिओथेरपीला गेले होते. त्या रात्री मला भीती वाटली.

तुम्ही म्हणता, मन लावून काम करणाऱ्याला शीण येत नाही. मला उलटंच दिसतं. फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या थकून रितं होण्याच्या अवस्थेबद्दल, म्हणजे बर्नआउटबद्दल, लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना बघून. जीव ओतणारी माणसंच ती! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं दिली: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या जागचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने हे होतं, असं ती म्हणते. मग अश्वगंधा आणि प्राणायाम यांच्यावर सगळा भार कसा टाकायचा, आई? पेशंटची संख्याच कमी करायला हवी. ओपीडीतल्या आम्ही सगळ्यांनी मिळून तसं लेखी दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर माझ्या हातात संध्याकाळ आहे, ती मी सोडवून घेते.

तुमच्या औषधांचे पैसे पूर्वीसारखेच येतील, घराचा हप्ताही निघेल. मावशीने विचारलं तर तिला खरं कारण सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. फक्त मी पेशंट सोडले असं कुणाला वाटू देऊ नका.

बाबा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम रोज दोन्ही वेळा करा. आई, ते टाळाटाळ करतील, तू समोर बस.

तुमची,
मनू