तो उरलेला वॉशर

प्रिय मन्या,

चार महिने झाले तुझा फोन येऊन आणि मी उलटा फोन केला नाही. रागावला असशील, रागाव, तुझा हक्कच आहे. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये, कारण हे ज्याला कळेल असा माणूस तू सोडून दुसरा नाही. घरात सांगायला गेलो तर सगळे म्हणतात, झाली ना नीट, मग झालं. तब्येती बऱ्या आहेत, आईचा गुडघा तसाच, आबांची शुगर गोळ्यांवर.

तर आपली मारुती आठशे. ९७ची, कार्ब्युरेटरवाली (तोच, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा), तीच. दिवाळीनंतर तिने नवीनच नाटक सुरू केलं. सकाळी चोक ओढून, म्हणजे हवा कमी करून पेट्रोल वाढवून, सेल्फ मारला की लगेच चालू, काही त्रास नाही. गरम झाली आणि चोक आत ढकलला की आयडलला, म्हणजे पाय न देता नुसती चालू असताना, थरथरायची, दोन-तीन उचक्या आणि बंद. पळताना मात्र एकदम झकास, गंगापूर रोडला साठने गेली तरी हूं की चूं नाही. फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मेली.

मी म्हटलं करू नंतर, आणि इथेच माझं चुकलं. आबा आईला घेऊन नाशिकरोडला निघाले आणि द्वारका चौकात, तुला माहितीये तिथे पुलाखाली काय असतं ते, त्यात आता कुंभाच्या कामांची खणाखणी, बरोबर सिग्नलला गाडी बंद. चालू केली, परत बंद. चार वेळा. मागून हॉर्न, आणि एक पोरगं काच खाली करून ओरडलं, आजोबा आता रिक्षाने फिरा. आईने हे सांगितलं, आबा एक शब्द बोलले नाहीत. घरी आले, किल्ली दारामागच्या खुंटीला लावली, आणि दुसऱ्या दिवशी भाजीला बसने गेले. मन्या, आबा आणि बसने!

गॅरेजला नेली. त्याने प्लग बदलले, मग पेट्रोल फिल्टर, मग प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोची कॅप. मग म्हणाला इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाड्यांना मानवत नाही. आता ते अगदीच खोटं नाही, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे मिक्स्चर थोडं लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, जुनं रबरही खराब होतं, पण तेच पेट्रोल गाडी दसऱ्यालाही पीत होती की. शेवटी म्हणाला कार्ब्युरेटर गेलाय, पुढच्या वर्षी परत पासिंग आहे, कशाला खर्च करता, स्क्रॅपला द्या. आणि मी आबांच्या समोर म्हणालो, हो, बघू. आबा नुसते चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले. ते 'हो, बघू' मला आठ दिवस झोपू देईना.

मग रविवारी स्वतःच बॉनेट उघडलं. आपल्याला गाडीचं शिकवणारे चाचा आठवले. त्यांचं ते, चोक थोडा ओढून बघ, बरी चालली तर गाडी उपाशी आहे, आणि उपाशी असण्याला दोनच कारणं, एक तर डब्यात अन्न नाही नाहीतर डब्याला भोक. गरम इंजिनला चोक अर्धा ओढला तर काय, घड्याळासारखी चालली! म्हणजे लीन. मग अन्न बघितलं. किल्ली ऑन केल्यावर सोलेनॉइड, आयडलच्या पेट्रोलची वाट उघडणारा, टिक वाजतो, म्हणजे तो उघडतोय. स्लो जेट, आयडलला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, काढून हवा मारली, आरपार उजेड दिसत होता. पेट्रोल भरपूर. मग राहिलं भोक. हे तेव्हा चाचांनी सांगितलं होतं पण आपण नीट ऐकलं नव्हतं (तू तर नाहीच, तू मिसळीचं बघत होतास): आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतं, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे तिच्यापुढच्या इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, व्हॅक्युम सगळ्यात जास्त, त्यामुळे केसाएवढ्या फटीतूनही हवा खेचली जाते आणि तेवढीच गाडी मारायला पुरते. रेस दिली की मुळात एवढी हवा जात असते की ती फट कुठल्या कुठे जाते. म्हणून पळताना चांगली आणि सिग्नलला मेलेली.

साबणाचं पाणी बाटलीत भरलं, आणि चोक किंचित ओढून गाडी चालू ठेवून एकेका पाइपवर, जॉइंटवर फवारत गेलो. पाइप सगळे ठीक. कार्ब्युरेटरच्या बुडाशी मागच्या बाजूला फवारलं आणि फेस आलाच नाही, पाणी चुर्र करून आत गेलं आणि इंजिन दोन सेकंद इतकं गोल चाललं की माझ्या अंगावर काटा आला. गाडी बंद केली, थंड होऊ दिली, एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटर हाताने हलवून बघितला. पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. मागचा नट, तोच रे, दिसत नाही, बोटांनीच शोधावा लागतो तो, हाताने फिरला. आणि त्याच्याखाली नट सैल होऊ न देणारा स्प्रिंग वॉशर नाही. बाकी सगळ्यांना आहे.

आता बोल!

२००३, शाही स्नान, सगळं गाव रामकुंडाकडे आणि आपण अंगणात ताटलीत कार्ब्युरेटर मांडून बसलेलो. सगळं बसवल्यावर ताटलीत एक वॉशर उरला. मी म्हणालो हा यातलाच आहे, परत खोल. तू म्हणालास जुना आहे, आधीपासून पडलेला होता. तीन दिवस बोललो नव्हतो आपण. मधे कुणी कुणी तो कार्ब्युरेटर उघडला असेल, त्यामुळे शपथ घेऊन नाही सांगू शकत. पण मन्या, तो यातलाच होता.

नवीन पॅकिंग आणलं. कार्ब्युरेटरखालचा इन्सुलेटर, उष्णता अडवणारी ती जाड चकती, काचेवर ठेवून बघितला, वाकलेला नव्हता. चारही नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले, सगळ्यांना वॉशर घालून. आरपीएमचा काटा तिला नाहीच, मग आयडलचं मिक्स्चर जुळवणाऱ्या एअर स्क्रूला कानानेच लावलं. तेवढ्यात आबा पेपर हातात घेऊन पायरीवर येऊन उभे. आत ऐकू गेलं असणार. पेपर ठेवला, किल्ली मागितली नाही, सरळ ड्रायव्हर सीटवर बसले. मी शेजारी.

सांगितलं नव्हतं तरी द्वारकेलाच नेली. सिग्नल लाल. आबांनी न्यूट्रल केली, पाय काढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. आरशाला लटकणारी माळ नुसती हलकीशी थरथरत होती. पूर्ण सिग्नल. मी श्वास धरून बसलो होतो. हिरवा झाला, आबांनी पहिला टाकला आणि एवढंच म्हणाले, आवाज मऊ झाला. घरी आल्यावर किल्ली खुंटीला नाही लावली, शर्टाच्या खिशात टाकली.

बाकी बडोद्याचं कसं काय? नवीन घराचा ताबा मिळाला का? छोटीची दहावी ना यंदा, तिला माझा आशीर्वाद सांग, आणि वहिनींना म्हणावं द्राक्षं पाठवतो, गोडी भरू दे जरा. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, कळव.

आणि तो वॉशर तू चिडून स्वतःच्या किल्लीच्या रिंगला अडकवून नेला होतास, माझ्या नाकासमोर नाचवत. अजून आहे का रे? असेल तर येताना घेऊन ये. मी नवीन काढून तो बसवतो.

तुझा,
विन्या