वरच्या पट्टीचा हट्ट

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य संगीतात सर्वांत उंच आवाजात गाणाऱ्या, गायिकेवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यात ‘ईश्वरी देणगी’ चार वेळा आली आणि मेहनत दोन ओळींत उरकली. दुसऱ्याच दिवशी माझ्या शिकवणीतल्या एका मुलीची आई ते कात्रण घेऊन दारात. “बाई, हिचा आवाज असा वर जायला हवा, गणपतीतल्या स्पर्धेआधी.” मुलगी अकरा वर्षांची. म्हणून हे पत्र.

वर म्हणजे किती वर? काळी चारात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, गाणाऱ्या बाईने तार पंचम (वरच्या सप्तकातला ‘प’) लावला की आपण टाळ्या वाजवतो. सोप्रानोचा तो नावाजलेला वरचा ‘सी’ हा पाश्चात्त्य स्वर याच पट्टीत मोजला, तर अतितार षड्जाच्याही (त्याहून वरच्या सप्तकातल्या ‘सा’च्याही) पुढचा शुद्ध गंधार होतो. माईक नाही, पुढ्यात अख्खा वाद्यवृंद. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या पाश्चात्त्य संगीतनाट्यांच्या नाट्यगृहात तर खुर्च्याच सुमारे ३,८०० आहेत. इतक्या वर गेल्यावर ‘इ’ कुठला आणि ‘उ’ कुठला तेही धड कळत नाही, कारण स्वर घुमावा म्हणून तोंड मोठं उघडावंच लागतं. आपल्याकडे कोणी शब्द असे गिळले तर परीक्षक गुण कापतील!

गाजलेल्या सोप्रानो बिर्गिट निल्सनचंच उदाहरण घ्या. ही स्वीडनमधल्या शेतकऱ्याची मुलगी. जन्म १९१८चा. १९४६मध्ये स्टॉकहोमला ऐनवेळी, तीन दिवसांच्या तयारीवर रंगमंचावर उभी राहिली, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. मेट्रोपॉलिटनमध्ये वाग्नरच्या ऑपेरातली नायिका ‘इझोल्डे’ गायली १९५९मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याच डिसेंबरात एका रात्री तिच्यासमोर नायक गाणारे तिन्ही टेनर (उंच आवाजाचे पुरुष गायक) आजारी होते; एकेकाने एकेक अंक कसाबसा निभावला, ही मात्र तिन्ही अंक गायली. आपल्या गुरूने आवाजाचं वाटोळंच करत आणलं होतं, असं ती उघड सांगायची.

हे वाचलं तेव्हा मला माझी पाटी आठवली. एकोणीस वर्षांची असताना गावच्या संगीत नाटकात होते. माझी पट्टी काळी तीन. बसवणाऱ्यांनी काळी पाचात गायला लावलं, “शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे” म्हणून. तिसऱ्या प्रयोगाला आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी सांगितल्या. दोन महिने मौन. आमटीत मीठ कमी आहे, हेसुद्धा आईला पाटीवर लिहून सांगायचे. आवाज परत आला, तार पंचम मात्र कधीच नाही.

आजही पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मी शिकवणी थांबवते, पेटी मिटते. नाहीतर पोरी पावसाशी स्पर्धा करतात. पालकांना वाटतं, बाईंना घरी बसायला निमित्त हवं.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एकच विनंती. “सर्वांनी काळी पाचातच गावे” असली अट घालू नका, पट्टी मुलीला ठरवू द्या. आणि लेखकांनी पुढच्या वेळी ती गायिका पहिली मोठी भूमिका करायला कितव्या वर्षी उभी राहिली, तेवढं जरूर लिहावं. कात्रणवाल्या आईला ते मला दाखवायचं आहे.

— एक संगीतशिक्षिका, वेंगुर्ला
(नाव छापू नये.)